तिकांडं बुडतं त्या दिशेला

येऊरच्या डोंगरावर रात्री कॅमेरा लावला की ताऱ्यांच्या आधी ठाणे शहर दिसायला लागतं. उपवनच्या तळ्यापासून वळणं घेत चढणारा रस्ता संपतो तिथे झाडी दाट आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचंच हे अंग. बिबट्याचा वावर आहे, तिन्हीसांजेला रातवा बोलतो. तरीही पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर दिलं की पडद्यावर उमटणारं आभाळ तांबूस राखाडी असतं. पायथ्याच्या इमारती, घोडबंदर रस्त्यावरचे दिवे, आणि आता डोंगरावरच उभे राहिलेले बंगले, हॉटेलं, टर्फची मैदानं, या सगळ्यांचा उजेड वर जातो आणि हवेतल्या धुळीवर पसरून तिथेच राहतो. व्याध दिसतो, मृगाचा पट्टा दिसतो, एखादा ग्रह असला तर तो. बाकीचं आकाश पुसलेलं.

आकाशाचे फोटो मी बरीच वर्षं काढते आहे. या खेपेला मात्र मला माणसांकडून आकाश ऐकायचं होतं. ठाण्यापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जी माणसं आपल्या आधीपासून राहतात, वारली, कोळी, ठाकर, ती वर बघून काय वाचत आली, हे विचारत जायचं आणि जमेल तिथे कॅमेरा लावायचा. बरोबर कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवणारी माझी मैत्रीण होती. फाल्गुन अमावास्या जवळ आली होती आणि पाडवा तोंडावर होता.

सुरुवात येऊरलाच केली, कारण तिथे वारल्यांचे पाडे आहेत. पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचापाडा ही नावं ठाण्यातल्या पुष्कळांनी फक्त पाट्यांवर वाचलेली असतात. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हा वारल्यांचा मोठा मुलूख ठाणे जिल्ह्यातून गेला. तेव्हापासून शहरातल्या माणसाला वारली म्हटलं की चादरीवरची किंवा कपावरची नक्षीच आधी आठवते.

एका पाड्यावर दुपारी एका बाईंकडे बसलो. कुडाची भिंत गेरूने सारवलेली, आणि तिच्यावर मागच्या लग्नसराईतला लग्नाचा चौक अजून टिकून होता. तांदळाच्या पिठात बुडवलेल्या काडीने काढलेल्या बारीक रेषा काही ठिकाणी पापुद्र्यासारख्या सुटल्या होत्या. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्यांची चौकट, बाहेर झाडं, माणसं, शिडी, बाशिंग. आणि सगळ्याच्या वर, एकीकडे सूर्य, दुसरीकडे चंद्र. आभाळातलं एवढंच. त्या भिंतीवर एकही तारा नव्हता.

मी विचारलं, "चांदण्या नाही काढत?"

बाई म्हणाल्या, "चांदण्या कशाला? लग्नाला सूर्य-चांद साक्षीला पायजेत. ते बघतात म्हणून लगीन लागतं."

हे लग्न भटजीच्या पोथीतून लागत नाही. सवाष्णी चौक लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि त्या गाण्यांच्या जोरावर देव बोलावले जातात. कागदावर सही करायला जसे दोन साक्षीदार लागतात, तसे भिंतीवर हे दोघे. मी काढलेल्या फोटोंमध्ये हजारो तारे असतात आणि खाली एक काळा डोंगर. इथे उलट होतं: आभाळात दोनच गोळे आणि जमिनीवर अख्खं जग गजबजलेलं. त्या भिंतीसमोर बसून आपल्या फोटोंचा तोल मला पहिल्यांदा खटकला.

साक्षीची ही कल्पना या मुलखात फार जुनी आहे. ठाणे ही शिलाहारांची राजधानी, श्रीस्थानक. त्यांच्या काळातल्या दानाच्या शिळा, गद्धेगळ, जिल्ह्यात ठिकठिकाणी सापडल्या आहेत. दान मोडणाऱ्याला शिवी खाली कोरलेली आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. हे दोघे आहेत तोवर दान टिकेल, असा अर्थ. राजाने दगडावर कोरलं तेच वारली सवाष्ण भिंतीवर लिहिते. कोणी कोणाचं घेतलं या वादात मला शिरायचं नाही, पण दोघांनीही पुरावा एकाच ठिकाणी ठेवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

संध्याकाळी डोंगर उतरून चेंदणी कोळीवाड्यात गेलो. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, त्या स्टेशनापासून हा कोळीवाडा हाकेच्या अंतरावर आहे. खाडी आता गाळाने भरत चालली आहे आणि मासळीवर पोट चालवणारी घरं थोडी उरली आहेत. पण ओट्यावर बसलेल्या एका काकांना मी विचारलं, आज भरती किती वाजता, तर त्यांनी मोबाइलला हातही लावला नाही.

"तिथी काय आज? तिला पाऊणपट करा."

कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब सगळीकडे चालतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चंद्र दररोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, भरतीही त्याच्यामागे तेवढीच सरकते, आणि एवढं खगोलशास्त्र एका गुणाकारात बसवलेलं. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला उधाण, अष्टमीच्या सुमाराच्या मवाळ पाण्याला भांग. काकांच्या घरातल्या मुलांनी बँकेत नोकऱ्या धरल्या आहेत, पण भांगाच्या दिवसांत बाजारात मासळी कमी येते हे त्यांनाही ठाऊक असतं. आमच्या घरी तिथी उपासासाठी लागायची. चतुर्थी, एकादशी, प्रदोष. तिथीने पाणी मोजतात हे मला मोठेपणी कळलं, तेही ठाण्यात राहायला आल्यावर.

डोंबिवलीत शिरलो तेव्हा फडके रोडवर पाडव्याची रोषणाई चढत होती. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली याच गावात सुरू झाली आणि इथून महाराष्ट्रभर गेली, याचा डोंबिवलीकरांना सार्थ अभिमान आहे. मी इथेच वाढले, त्यामुळे मलाही आहे. रस्त्यावर कमानी, झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, गणपती मंदिराबाहेर रांगोळीसाठी रस्ता धुणं चाललेलं. चैत्राची सुरुवात चंद्रावरून ठरते. अमावास्या संपून प्रतिपदा लागते म्हणून नवं वर्ष. पण त्या रात्री फडके रोडवर मान वर करून बघणारं कोणी नव्हतं, आणि कोणी बघितलं असतं तरी माळांच्या पलीकडे त्याला काही दिसलं नसतं.

घरी जेवायला बसलो तर काकूने पानात वालाचं बिरडं वाढता वाढता चौकशी सुरू केली. रात्री डोंगरात? दोघीच? तिथे ओळखीचं कोण आहे? बाथरूमची सोय काय? डोंबिवलीचं प्रेम हे असं प्रश्नांतून येतं आणि निघताना हातात डबा देऊन संपतं. डब्यात गूळपोळ्या होत्या. "रात्री भूक लागते," ती म्हणाली, "आणि अंधारात फार थांबू नका." अंधार म्हणजे धोका हे आम्हा शहरातल्या बायकांच्या हाडात मुरलेलं आहे, आणि ते उगीच मुरलेलं नाही. म्हणून अंधाराची बाजू घेताना मी जपून बोलते.

कल्याणच्या पुढे कर्जतच्या वाटेने अंबरनाथ लागतं. तिथलं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे १०६० सालचं. त्याच्यापुढे बदलापूर, आणि मग वांगणी. मुंबई-ठाण्यातल्या आकाशवेड्यांना वांगणी हे नाव तीर्थासारखं आहे. हॅलेच्या धूमकेतूच्या दिवसांत मुंबईत उभ्या राहिलेल्या खगोल मंडळाने वर्षानुवर्षं इथे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम केले. सतरंजीवर उताणं पडून, हिरव्या लेझरच्या टोकामागे नजर नेत, हजारो मुलांनी आपली पहिली देवयानी आकाशगंगा इथे पाहिली. कल्याणच्या आकाश मित्र मंडळानेही या पट्ट्यात पुष्कळांना आभाळाची ओळख करून दिली. मीही अशाच सतरंजीवरून उठून कॅमेऱ्याकडे गेले. पण बदलापूर वाढत वाढत वांगणीच्या अंगावर आलं आहे. उत्तरेकडचं क्षितिज आता रात्रभर उजळलेलं असतं. तिथे आम्ही थोडा वेळ थांबलो, चहा घेतला आणि म्हशाच्या वाटेने मुरबाडकडे वळलो.

म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. बैलबाजार, घोंगड्या, मिठाईची दुकानं, कोकणातून आणि घाटावरूनही माणसं. आम्ही गेलो तेव्हा माळ रिकामा होता. गावोगावच्या किती जत्रा पौर्णिमेला असतात, याकडे मैत्रिणीने लक्ष वेधलं. दिवा नसलेल्या वाटेवर बैलांना घेऊन रात्रीचं चालायचं तर वर चांदणं हवं. तेच कारण असावं असं मलाही वाटतं.

मुरबाडच्या पुढे टोकावडं, आणि मग वैशाखरे. सह्याद्रीची भिंत इथे अचानक समोर येते. तिच्या कडेला नानाचा अंगठा हे टोक आभाळात रुतलेलं. रस्ता सोडून आत गेलं की ठाकरांचे पाडे आहेत. ओळखीच्या एका शिक्षकांनी तिथल्या एका घराला निरोप ठेवला होता.

अंगणात पाय ठेवल्याबरोबर तांब्याभर पाणी पुढे आलं. नाव नंतर, गाव नंतर, कशाला आलात हे तर सगळ्यात शेवटी. आमच्याकडे पाहुण्याला आधी "काय घेणार?" असं विचारतात आणि पाहुण्याने आधी "काही नको" म्हणायचं असतं, इथे विचारणंच नाही. कोरा चहा आला, मग नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि मीठ-मिरचीत परतलेली शेवग्याची फुलं. घरातल्या आजी बाजेवर बसल्या होत्या. सुंभाने विणलेली बाज, मध्ये खोलगट झालेली. गरमीचे दिवस सुरू झाले की अर्धं घर अंगणात झोपतं. डोंबिवलीत आम्ही उन्हाळ्यातही खिडकीच्या जाळीआड झोपायचो आणि छताकडे बघायचो. या मुलांच्या डोळ्यांसमोर झोप लागेपर्यंत तारेच असतात.

त्या दिवशी हवेत धुराचा वास होता. भातखाचरांच्या कोपऱ्यांत राब भाजणं चाललेलं. रोपं करायची तेवढ्या तुकड्यावर झाडाच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण असं थरावर थर रचतात, वरून माती पसरतात आणि पेटवतात. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. पहिल्या पावसावर तिथे भात पेरतात. फोटोला तो धूर नकोसा होता. क्षितिजापासून हातभर उंचीपर्यंत सगळं गढूळ. पण तो धूर होता म्हणूनच आजींशी बोलणं आभाळावर आलं.

मी विचारलं, राब कधी भाजायचा हे कसं ठरवता? त्या म्हणाल्या, आता सगळे एकमेकांचं बघून भाजतात. मग थोड्या वेळाने हात वर करून पश्चिमेला दाखवलं. "ते तिकांडं बघ. आमचा म्हातारा त्याच्याकडे बघायचा. दिवस बुडल्यावर ते वर असलं तर अजून टाईम आहे. खाली खाली जातं. दिसेनासं झालं की पाऊस जवळ आला. त्याच्या आत सगळं झालं पायजे."

तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातले ते तीन ओळीतले तारे. मृग नक्षत्राचा पाऊस आपण सगळेच म्हणतो. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो हे कॅलेंडरवर छापलेलं असतं. पण त्याचा अर्थ असा की त्या दिवसांत सूर्य मृगात असतो, आणि म्हणून मृग दिसत नाही. मे महिन्यात रोज सांजेला तो पश्चिमेला खाली खाली जातो आणि शेवटी सूर्याच्या उजेडात बुडतो. ज्याच्या नावाने पाऊस येतो ते नक्षत्र पावसाच्या दिवशी आकाशात शोधून सापडत नाही. कॅलेंडरवर वाचणाऱ्याला हे कधी जाणवत नाही. आजींच्या म्हाताऱ्याला ते रोज संध्याकाळी दिसत होतं.

विदर्भातल्या आदिवासींच्या आकाशज्ञानाचा अभ्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी गणेश हलकारे यांच्याबरोबर वस्त्यावस्त्यांवर जाऊन केला. गोंडांवरचा त्यांचा लेख २०१३ साली आला, पुढच्या वर्षी सहकाऱ्यांसह कोलाम आणि बंजारा यांच्यावरचा. गोंडांना मृगाच्या ठिकाणी नांगर आणि तिफण दिसते. तिकडे जमीन काळी, पेरणी तिफणीने. इकडे भाताचा मुलूख, राब भाजायचा आणि रोपं लावायची; तिफणीचं काम नाही. तारे तेच, पण मावळताना दोन्हीकडे सांगणं एकच, की कामाला लागा.

आजींनी मग दुसऱ्या बाजूला मान वळवली. ईशान्येला सप्तर्षी वर आले होते. "ती बाज." चार तारे म्हणजे बाजेचे चार पाय, मागचे तीन म्हणजे चोर. म्हातारीची बाज पळवायला आलेत, रात्रभर ओढतायत, पण नेता येत नाही. ही गोष्ट महाराष्ट्रात फार लांबवर पसरलेली आहे; गोंडांकडेही खाट आहे आणि तीन चोर आहेत. शाळेत आम्हाला सात ऋषींची नावं पाठ करायला लावली होती, क्रतू, पुलह, पुलस्त्य. ऋषी पाठ करावे लागतात. बाज एकदा दिसली की विसरता येत नाही, आणि ती सांगणारी आजी स्वतः बाजेवर बसलेली असेल तर नाहीच.

त्या रात्री मी बाजेचा फोटो काढला. अंगणात तिपाई लावली, रुंद भिंग उत्तरेकडे वळवलं आणि तीस-तीस सेकंदांचे फोटो सलग घेत राहिले. आकाश तासाला पंधरा अंश फिरतं. हे सगळे फोटो एकावर एक ठेवले की प्रत्येक तारा आपली कमान ओढतो. मध्ये ध्रुव, जवळपास स्थिर. इथे तो क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंशांवर आहे, कारण आपला अक्षांश तेवढाच. इतक्या खालच्या ध्रुवाभोवती फिरताना बाज काही महिने संध्याकाळच्या आभाळातून नाहीशीच होते. युरोपातल्या फोटोंत सप्तर्षी कधी मावळत नाहीत. आपल्याकडे चोर बाज घेऊन डोंगराआड जातात आणि पुन्हा येतात.

पहाटे चारच्या सुमाराला पाडा जागा झाला. मोहाचे दिवस होते. मोहाची फुलं रात्री गळतात आणि उजाडायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि माकडं खाऊन टाकतात. बायका-मुली टोपल्या घेऊन निघाल्या, आम्हीही मागे. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून जाळलेला, आणि त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी, रसाने जड झालेली फुलं. हाताला चिकटतात. वास गोड, थोडा आंबूस, डोक्यात जाणारा. एक मुलगी एका हाताने वेचत होती आणि दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी धरली होती. दक्षिणेला, झाडाच्या फांद्यांच्या वर, वृश्चिकाच्या शेपटीपासून धनूपर्यंत आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग उभा होता. मार्चच्या शेवटी तो उत्तररात्रीच वर येतो. रुंद भिंग, पूर्ण उघडं, आयएसओ ३२००, वीस सेकंद. चोवीस मिलिमीटरचं भिंग असेल तर पाचशेला चोवीसने भागायचं, तेवढे सेकंद तारे टिंबासारखे राहतात, पुढे लांबायला लागतात. मी वेचणाऱ्यांना थांबायला सांगितलं नाही. त्या वीस सेकंदांत त्या हलत राहिल्या, आणि फोटोत त्यांच्या जागी नुसते उजेडाचे वळसे आले. मला तो फोटो या सगळ्या प्रवासातला सगळ्यात खरा वाटतो.

दिवसा नाणेघाट चढलो. माथ्यावर जकातीचा दगडी रांजण, आणि त्याच्या अलीकडे ती गुहा, सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख असलेली. दोन हजार वर्षांहून जुना. आरंभी देवांना वंदन आहे, आणि त्या देवांत चंद्र आणि सूर्य आहेत. येऊरच्या भिंतीवरचे दोघे इथे राणीच्या यज्ञांची साक्ष द्यायला आलेले. मैत्रिणीने त्या अक्षरांवर हात न लावता बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

रात्र पडल्यावर माथ्यावर कॅमेरा लावला. मध्यरात्री दक्षिणेला, क्षितिजापासून दहा-बारा अंशांवर, त्रिशंकूचे चार तारे उभे राहिले. गोंड त्याला मोहाचं झाड म्हणतात. पहाटेच्या फुलांनी माझे हात अजून चिकट होते, त्यामुळे मला ते पटवून घ्यावं लागलं नाही. मोहाची फुलं गळतात त्याच दिवसांत मध्यरात्री ते झाड दक्षिणेला उभं असतं. याच त्रिशंकूला खेटून आकाशगंगेत एक काळा डाग आहे. ऑस्ट्रेलियातले कमिलरोई आणि इतर आदिवासी त्या डागाला एमूचं डोकं म्हणतात. पुढे आकाशगंगेतले काळे पट्टे म्हणजे त्याची मान आणि धड. तो एमू आकाशात कसा दिसतो यावरून एमूच्या अंड्यांचा हंगाम कळतो. सिडनीजवळच्या कुरिंगाई चेस उद्यानात खडकावर कोरलेला एमू आहे, आणि वर्षातल्या ठरावीक दिवसांत आकाशातला एमू बरोबर त्याच्या वर येतो. त्यांनी ताऱ्यांमधला अंधार वाचला. आपल्या शहरांवर तारेच उरलेले नाहीत, तर त्यांच्यामधला अंधार कुठून उरणार?

त्याआधी, रात्र चढत असताना, मी पश्चिमेला वळले होते. घाटाच्या ओठावरून खाली पूर्ण कोकण पसरलेलं होतं. जवळचे पाडे म्हणजे मोजून काही ठिपके. त्याच्या पलीकडे मुरबाड. आणि सगळ्या पश्चिमेवर, क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर आणि त्यामागे ठाणे-मुंबई यांचा नारिंगी-पांढरा उजेड. तिकांडं मावळायला आलं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी ते खाली येताना बघत होते. पण ते क्षितिजापर्यंत पोचलंच नाही. बरंच वर असतानाच कल्याणच्या उजेडात विरघळलं.

तिथे उभी असताना मला जे कळलं ते याआधी कुठल्या पुस्तकात मला भेटलं नव्हतं. पावसाआधीचं पंचांग पश्चिमेच्या सांजेच्या आभाळावर वाचायचं असतं. आणि मुरबाड-शहापूरच्या पाड्यांच्या पश्चिमेला आपण आहोत. आम्ही डोंबिवलीकर, ठाणेकर. पूर्वेच्या डोंगरावर अजून हवे तेवढे तारे आहेत, पण जे पान त्यांना लागतं नेमकं तेच आम्ही उजेडाने भरून टाकलं. पांढऱ्या एलईडीतला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे दिवे बदलल्यावर वीज वाचली तरी आभाळ सुटलं नाही. वर टोपी असलेले, खाली बघणारे, पिवळट दिवे लावले तर रस्ता तितकाच दिसतो. हे महाग नाही आणि अवघडही नाही. महाराष्ट्राने पेंचला हे करून दाखवलं आहे. जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला. लडाखमध्ये हान्लेचं आकाश २०२२पासून राखीव आहे. पण राखीव आकाश नेहमी जंगलात आणि वाळवंटात, जिथे आधीच अंधार आहे. उजेड सांडतो ती शहरं मोकळीच राहतात.

आणि पाड्यांना "अंधार जपा" म्हणून सांगायला जाऊ नये. आदल्या संध्याकाळी पाड्यात नवीन बसवलेला सौर दिवा सुरू झाला तेव्हा मी मनातून जरा हिरमुसले होते. तो नेमका माझ्या चौकटीत येत होता. घरातली सून म्हणाली, "ताई, दिवा आला आणि पोरं भाइर बसून वाचायला लागली. पावसात फुरसं निघतं, पाय टाकायच्या आत दिसतं." त्या एका दिव्याने आभाळाचं काही बिघडत नाही. तो गरजेपुरता आहे आणि दहा घरांना पुरतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चार हॅलोजन रात्रभर कोणासाठी जळतात हे मी अनेक वर्षं विचारते आहे, आणि आता पुन्हा विचारणार आहे, लेखी.

घाट उतरून पाड्यात आलो तेव्हा दुपार झाली होती. मोहाची फुलं अंगणभर वाळत घातलेली. मुलं कॅमेऱ्याभोवती जमली. बाजेचा फोटो त्यांनी लगेच ओळखला. कुठला चोर पुढे आणि कुठला मागे यावर भांडण झालं. पहाटे बॅटरी धरणारी मुलगी मात्र दुसऱ्याच फोटोवर थांबली. आकाशगंगा, खाली पाड्याची काळी रेषा.

"आमचं घर कुठंय?"

मी दाखवलं. काळ्या रेषेतला एक कोपरा.

"काळं का? आत दिवा होता ना."

दिवा होता, पण तो कौलांच्या आत होता, आणि तारे यावेत म्हणून मी बाकी सगळं काळं होऊ दिलं होतं. तिला ते पटलं नाही. तिच्या आजीने लगेच निकाल दिला, "मग परत काढ. दार उघडं ठेवून."

संध्याकाळी आम्ही थांबलो. दार उघडलं, आतला दिवा लागला, उंबऱ्यात आजी बसल्या आणि पोरं ओसरीवर. मी एक्स्पोजर कमी केलं. तारे थोडे आले, घर आलं. पश्चिमेला, कौलाच्या वर, धुरातून तिकांडं दिसत होतं. मुलीने पडद्यावर बोट ठेवून आधी घर, मग आजी, मग ते तीन तारे मोजले आणि मोठा प्रिंट काढून पाठवायला सांगितला. पत्ता मैत्रिणीने लिहून घेतला.